उकळत्या पाण्यातला काटा

आबा, तुमच्या हातांना येणारा रॉकेल-वंगणाचा वास लहानपणी मला इतका आवडायचा, की मी मुद्दाम तुमच्या शेजारी पाट मांडायची. आता तोच वास कुठून आला तरी मी उठून खिडकी लावून घेते. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाला असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहिणार आहे.

भोरजवळ धरणाच्या पाण्यावर ठेकेदाराची बोट होती, माणसं पैलतीराला नेणारी, आणि तुम्ही तिचे मिस्त्री. तिच्या पाठीला अडकवलेलं इंजिन जुनं, कुणा साहेबानं टाकून दिलेलं. त्याला एका मोडक्या मोटारीची, उष्णता दाखवणारी तबकडी तुम्हीच बसवली होतीत. इंजिन तापलं की काटा लाल रेघेकडे सरकायचा. त्या हिवाळ्यात तो रोजच रेघेला टेकू लागला. काटाच बिघडलाय, असं ठेकेदार म्हणाला. मग तुम्ही ती तबकडी, तिची तांब्याची बारीक नळी आणि नळीच्या टोकाचं बोंड सोडवून घरी आणलंत.

आई कुरकुरत चुलीवर पातेलं ठेवते. "ह्यात उद्या भात शिजवू व्हय मी?" "घास की राखेनं," तुम्ही म्हणता. बोंड धरायचं काम माझं. गार पाण्यात काटा खाली पडून राहतो. उकळत्या पाण्यात तो सावकाश चढत थेट लाल रेघेवर जातो. मी टाळ्या पिटते. तुम्ही मात्र कपाळाला हात लावता. "काटा खरा हाय. पानी वढनारा पंप गेलाय. इंजिन आतून भाजतंय."

नवा पंप येईपर्यंत बोट बंद ठेवायला हवी होती. पण संध्याकाळी ठेकेदार ओसरीवर आला. "मिस्त्री, उद्या वेल्ह्याचा बाजार. काटा बिघडलाय म्हनून लिवा आन् मोकळं व्हा. न्हाईतर मला दुसरा मिस्त्री गावंल." तुमचं अक्षर वेडंवाकडं, म्हणून बोटीची वही नेहमी मीच लिहायची. 'तबकडी नादुरुस्त, काढून ठेवली. इंजिन ठीक.' मी विचारलं, "आबा, पण काटा खरा होता ना?" "सांगितलं तेवढं लिव. पुन्याला शिकाय जायाचंय का हितं शेण थापायचंय?" मी लिहिलं. पट्टी धरून, सरळ ओळीत. आणि अक्षर छान आलं म्हणून खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी भर पाण्यात इंजिन बंद पडलं. नावाडीमामांनी पाण्याची नळी सोडवली आणि उकळतं पाणी त्यांच्या दोन्ही हातांवर उसळलं. माणसांनी वल्ही मारत बोट काठाला आणली. काही दिवसांनी ते हातांना फडकी गुंडाळून कामावर आले, तेव्हा ठेकेदारानं वही पुढे केली. "हे बघ, इंजिन ठीक लिवलंय. तूच दामटलंस. उद्यापासनं येऊ नगंस." मामा तुमच्याकडे वळले. "मिस्त्री, तुमी तरी सांगा की. तुमी काटा तपासला हुता न्हवं?" तुमची भाकरी घेऊन मी तिथंच उभी होते. तुम्ही काडीनं नखांतलं वंगण काढत होतात. काढतच राहिलात. मामा हातांची फडकी सावरत निघून गेले.

मी पुण्याला गेले, बी.ए. झाले. घरातली पहिली म्हणून आईनं पेढे वाटले. आता मी मुलींना शिकवते. खरं लिहा, असं त्यांना रोज सांगते, आणि सांगताना माझीच मला किळस येते.

ती तबकडी आईच्या ट्रंकेत सापडली. आज मी पातेलं चुलीवर ठेवलं. बोंड पाण्यात सोडताना मनात एकच होतं: काटा हलू नये. तो खरंच बिघडलेला निघावा, म्हणजे तुम्ही खरे ठराल आणि माझी पदवीही स्वच्छ राहील. काटा चढला. गार करून मी पुन्हा बघितलं, आणि पुन्हा. तिन्ही वेळा लाल रेघेवर.

नावाडीमामा अजून पलीकडच्या गावात राहतात. त्यांची बोटं नीट मिटत नाहीत म्हणे. खरं तर हे पत्र त्यांना लिहायला हवं होतं, आबा. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. तुम्ही काही विचारणार नाही.