सासऱ्यांची डाळिंबं आणि दुसरी रिंग

२४ सप्टेंबर
आजपासून कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क माझ्या ताब्यात. थंडी सांभाळणारे दोन सर्व्हर. एक पडला की दुसरा काम उचलतो. पण दोघांमधली वायर एकच. आधीच्या माणसाला एवढंही सुचलं नाही. मी दुसरी टाकणार. सिस्टीमच्या भाषेत अशी जोडणी म्हणजे रिंग. म्हणजे दोन रिंगा. एक तुटली तरी दुसरी चालू.

२६ सप्टेंबर
सेटिंग अजून जमलेलं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम जुनी आहे, माझा दोष नाही. सासरे झुंबरनाना सटाण्याहून आले. दिवाळीत चांगला भाव मिळावा म्हणून सगळी डाळिंबं आमच्याकडेच ठेवली. म्हणाले, जावई शे ना तठे, मंग काय काळजी.

२९ सप्टेंबर, दुपारी
दुसरी रिंग सुरू. शेठसमोर पहिली वायर उपटून दाखवली, काही बंद पडलं नाही. कौतुक करतील वाटलं होतं. फोनवर बोलत निघून गेले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सर्व्हरची पूजा. झेंडूची माळ बसेना म्हणून पुंजा वॉचमनने पहिली वायर काढली. नंतर विचारत होता, साहेब, लावू का परत. म्हटलं राहू दे, दोन कशाला केल्यात मग? सगळे ऐकत होते. छान बोललो.

४ ऑक्टोबर
सारखे मेल येतात, रिंग फॉल्टी. सिस्टीमला अजून सवय नाही. वायर उद्या नक्की लावतो.

७ ऑक्टोबर
मेल बंद केले. डोकं शांत असलं तरच कामं होतात. तरी झोप नाही. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. बायको, उज्ज्वला, म्हणते, ॲसिडिटी आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी पुंजाचा फोन. सुट्टीत दुसऱ्या रिंगची वायर जोडणारा स्विच जळाला. दोन्ही सर्व्हरना वाटलं समोरचा मेला. दोघेही मालक झाले. एकाने थंडीचं मशीन चालू करायचं, दुसऱ्याने बंद. कालचा अख्खा दिवस खोल्या तापल्या. नानांची डाळिंबं मऊ पडलीत. पहिली वायर तशीच लोंबतेय. या भागात लाइटच वाईट.

१४ ऑक्टोबर
शेठनी नानांना आणि मला बोलावलं. वाटेत उत्तर पाठ केलं: जुनी सिस्टीम, वाईट लाइट, हलका स्विच. काही उपयोग झाला नाही, कारण नानाच आधी बोलले. जावईले काही बोलू नका, म्हणाले, मशीनच ते, त्यानी काय चूक. शेठनी फोन कानाला लावला.

बाहेर येऊन नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मनले लावी लेऊ नका, पुढला माल बी तुमच्याकडेच ठेवसू. फार लाज वाटली. खरं सांगायचंच असं ठरवून तोंड उघडलं.

म्हणालो, हो नाना.