सोमाचे बूट

बालाघाट, शनिवार संध्याकाळ, पौष, १९६४

ऑफिसातला नकाशा पुरा करून आजही मैदानाच्या कुंपणाशी थांबले. बैहरच्या सोमाला खाणीच्या दुसऱ्या हॉकी संघातून पहिल्यात घेतलंय. वर घेतलं की बूट देतात, ही इथली रीत. जन्मभर अनवाणी खेळलेला तो आज चिखलातून चालल्यासारखा पळत होता. चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळतं. आजही कळत होतं, फक्त पाय पोचत नव्हते.

कप्तान ओरडला, "काहून बे, झोपला का? उद्या दुसऱ्याले खेळवतो!"

"बूट काढू द्या न त्याले, दादा." हे मी बोलले? इतक्या मोठ्याने?

शेजारचे मुनीमकाका हसले. "पोरी, तुले हॉकी कधीपासून समजते?"

"पाहून राह्यली न मी, काका. हंगामभर."

सोमाने बूट काढून कुंपणाशी ठेवले. मग त्या सोनेरी धुळीत तो असा पळाला की चेंडूच त्याला शोधत येतोय असं वाटावं. उद्या तोच खेळणार.

उद्या जबलपूरचे निवड करणारेही येणार आहेत. ते त्याला घेऊन जातील. कुंपणाशी बोलताना हे मला ठाऊक होतं.