ओठांवर ओढलेली रेष

५ जानेवारी
मुलुंडला पोचलो. गेलेल्या माणसांची पेन्सिलचित्रं काढायची नोकरी, दुकानाच्या माळ्यावर खोली, मालकीण रत्नप्रभाबाईंच्या हातचा चहा झकास. भिंतीवरची चित्रं पाहून मात्र कीव आली. सगळे चेहरे कापसाने घासून गुळगुळीत, सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. ही माणसं की पावडरच्या जाहिराती? अरे, रेषेला मत हवं! इथला नियम असा की ओठ जुळलेलेच काढायचे आणि वर कापूस फिरवायचा. रेष उरता कामा नये. का, तर म्हणाल्या, "गेलेल्याला अडवून ठेवू नये रे." मी अंधश्रद्धेवर खणखणीत भाषण दिलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

९ जानेवारी
द्रौपदीबाई नवऱ्याचा, अंबादासचा, फोटो घेऊन आल्या. पुण्यानुमोदनाला, त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमात मांडायला, चित्र हवं. इस्पितळात त्याचं पाणी बंद होतं. तसाच तहानलेला गेला. फोटोत ती तहान दिसते. रत्नप्रभाबाई कुर्ल्याला गेल्या होत्या. मी ओठ किंचित उघडे काढले, एका दमात, पेन्सिल दाबून, एकच रेष. या दुकानातलं पहिलं जिवंत चित्र! कापूस कचऱ्यात फेकला.

१४ जानेवारी
द्रौपदीबाईंनी चित्र परत आणलं. म्हणाल्या, आमच्यात भूतबित मानत नाहीत, पण हे भिंतीवरून पाणी मागतात त्याला मी काय करू? मला हसू आवरेना. रत्नप्रभाबाई हसल्या नाहीत. पुसू नकोस, ओठ जुळव आणि कापूस फिरव, म्हणाल्या. मी अडाणीपणापुढे मान तुकवू? रबर घेऊन अख्खं तोंडच पुसलं. आता माग म्हणावं!

१६ जानेवारी
घसा कोरडा. तांब्यामागून तांब्या रिता होतोय. रविवारी घाटकोपरला माझं व्याख्यान: 'भीतीचा बाजार'. आवाज लागलाच पाहिजे.

१९ जानेवारी
सभागृह भरलेलं. 'मित्रहो' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "द्रौपदे, पाणी दे." जाड, खोकला भरलेला आवाज. लोक हसले. मला! पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच.

२० जानेवारी
पुसलेल्या जागी ओठ काढतोय. कागदावर रेष उमटतच नाही — रत्नप्रभाबाई म्हणतात, त्याला तोंड मिळालं, आता कागद कशाला लागतोय —

२१ जानेवारी
आरशात माझे ओठ. काळी, दाबून ओढलेली एकच रेष. ही रेष मी ओळखतो —

रत्नप्रभाबाई जिना चढतायत. हातात कापूस. ओठ जुळवणार म्हणतात. मग मी पुन्हा कधी — नको. बोलणं हेच माझं — बाई, थांबा, मी —

द्रौपदे, पा