तीन काउंट्यांची एक नर्स

१४ जानेवारी
लॉरेटा अजून कोठडीतच! गुन्हा काय, तर बर्फात अनवाणी चालत होती आणि कुणाला न दिसणाऱ्या कुणाशी तरी बोलत होती. इस्पितळ म्हणतं खाट नाही. आमच्या तुरुंगात आहे – म्हणून ती इथे. आणि क्विल काउंटीची शेरीफ, म्हणजे इथली पोलीसप्रमुख, मी, म्हणून किल्ली माझ्याकडे.

आज तिनं विचारलं, "व्हर्ना, मी कुणाला मारलं का गं?" शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. "नाही गं," म्हटलं आणि दार परत लावून घेतलं.



१६ जानेवारी
लार्कमोरच्या चर्चच्या तळघरात तिन्ही काउंट्यांचे शेरीफ जमलो. माझं म्हणणं साधं – मानसिक आजारांची एक नर्स तिघांनी मिळून ठेवू. अशा आजाऱ्याबद्दल फोन आला की पोलिसाबरोबर तीही जाईल. माणूस कोठडीत जाण्याऐवजी घरी राहील, नाहीतर इस्पितळात. एकेकट्याला हे झेपत नाही. तिघांना झेपेल.

ओटर बेंड काउंटीचा शेरीफ मायलो लगेच तयार. पण "तिची खुर्ची आमच्या ऑफिसात!" बाई अजून नेमलेली नाही, आणि खुर्चीवरून तासभर भांडण! दालचिनीचे रोल तेवढे संपले.

लार्कमोर काउंटीचा आर्विड टोलेफसन हाताची घडी घालून बसला होता. मी पोलिसात लागले तेव्हाही हा शेरीफच होता. शेवटी म्हणाला, "पोरी, माझी माणसं मी सांभाळतो. दारात गेलो, दोन शब्द बोललो की झालं. बाहेरची बाई कशाला?"

"आणि तुम्ही दारात नसाल तेव्हा, आर्विड?"

टोपी घातली आणि निघाला.

२१ जानेवारी
खाट मिळाली! आणि आजच वादळ. आमचा हमरस्ता बंद. उरला लार्कमोरवरून जाणारा रस्ता, पण तिथे आमच्या गाडीचा टिकाव लागायचा नाही. नाइलाजानं आर्विडला फोन केला.

हद्दीवरच्या पुलापाशी आला – स्वतः. मी लॉरेटाला मागे बसवायला गेले तर ओरडला, "मागे कैद्यांची जाळी आहे! पुढे बसव तिला."

स्वतःचे हातमोजे काढून दिले तिला.

२२ जानेवारी
आर्विडचा फोन. "पोहोचवली. वाटभर कोंबड्यांच्या गोष्टी सांगत होती. हसवलं गं मला." मग – "तिला इतके दिवस कुलपात ठेवलीस तू?"

"ठेवली. दुसरं काय करणार होते?"

"तुझा तो नर्सचा करार लिहून आण पुढच्या बैठकीत."

१२ फेब्रुवारी
करारावर तिघांच्या सह्या झाल्या. खुर्चीचा तोडगा आर्विडनंच काढला – "खुर्ची नकोच. गाडी द्या तिला." मायलो बघतच राहिला!

३ मार्च
आमची नर्स, जॉईस बेलगार्ड, रुजू झाली. मोठ्यानं हसते. आवडली मला.

२० मार्च
काल ओटर बेंडला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कोठारात कोंडून घेतलं. हातात बंदूक. पूर्वी आम्ही चार गाड्या घेऊन, कर्णा लावून गेलो असतो. जॉईसनं गाड्यांचे दिवे विझवायला लावले. दाराबाहेर बादली पालथी घालून बसली आणि त्याच्या गेलेल्या बायकोबद्दल विचारत राहिली. अंगणात आम्ही गारठलो. पण दुपारी तो आपणहून बाहेर आला आणि म्हणाला, "या बाईला कॉफी द्या कुणीतरी."

लॉरेटा घरी आलीय. औषध घेते. आज दुकानात भेटली तेव्हा आधी तिनंच हात केला. मला बरं वाटलं. लाजही वाटली.

आमची कोठडी रिकामी! डेप्युटी म्हणतो, "बटाटे ठेवू या का?"

लार्कमोरहून मात्र जॉईसला एकही फोन नाही.

९ एप्रिल
सकाळी आर्विडचा फोन. "पोरी, जॉईस कुठाय?"

"इथेच. कुणाकडे पाठवू?"

"माझ्याकडे. स्वयंपाकघरात बसलोय. पिस्तूल टेबलावर आहे. लवकर पाठव गं."

जॉईस गाडीत त्याच्याशी फोनवर बोलत होती, मी गाडी हाकत होते. पोहोचलो तेव्हा दार उघडंच होतं. पिस्तूल टेबलावरच होतं, आणि तो फोनवर बोलत होता अजून.