बारावं पुणे

६ जानेवारी, मंगळवार

पुणे बारावं!

आप्पासाहेबांनी सकाळी सगळ्या ऑफिसला उभं करून सांगितलं, घरात कुणी गेल्यासारखं. खराडीच्या पाहणी-कंपनीची यादी आली म्हणे. टीव्हीचे 'बाजार' लावलेत त्यात. कुठल्या भागात किती माणसं टीव्हीपुढे बसतात ते मोजायचं आणि मोठा बाजार वर, धाकटा खाली. मोठे जाहिरातदार वरचे दहाच घेतात. त्याखालच्यांच्या वाट्याला अगरबत्ती आणि गुडघ्याचं तेल.

'मुठाकाठ' वाहिनी आप्पासाहेबांची, आणि पुणेही आप्पासाहेबांचंच. त्यामुळे अपमान दोनदा झाला. आणि अपमान झाला की ते काहीतरी बंद करतात. मागच्या वेळी वॉटर कूलर. या वेळी नजर माझ्याकडे. 'आजचा भाव' — रोज सकाळी साडेसहा, मार्केट यार्डातले फळं-भाज्यांचे दर, वाचणार जैनब बागवान.

"बाई, पुण्याच्या वाहिनीचा दिवस कांद्याने सुरू व्हावा का?"

मी म्हटलं, बहुतेक घरांत होतोच.

नाही आवडलं. फेब्रुवारीअखेर नंबर सुधारला नाही तर कार्यक्रम बंद. असं सगळ्यांदेखत! मला बंद करायचं असेल तर केबिनमध्ये बोलवा ना. तिथे खुर्ची तरी असते.

७ जानेवारी

कार्यक्रम संपला की मी मेकअप पुसते तोवर अब्बांचा फोन येतो. घड्याळ लावून घ्यावं. आज —

"कोथिंबिरीचा भाव शेकड्याचा होता. तू जुडीचा म्हणून वाचलास. एका जुडीला एवढे द्यायचे तर लोक बँकेत ठेवतील कोथिंबीर."

पालेभाजीचा भाव यार्डात शंभर जुड्यांवर निघतो हे मला दूध पितानाच कळलंय. जीभ घसरली एवढंच. पण दादामियाँ बागवान यांच्या मुलीची जीभ घसरून चालत नाही. जन्म गेला त्यांचा फळांच्या गाळ्यावर. आता गाळा भाऊ बघतो आणि अब्बा गुलटेकडीच्या घरात टीव्ही बघतात. अम्मी गेल्यापासून एकटेच. भाऊ वरच्या मजल्यावर, पण त्याला बोलायला वेळ कुठे.

चांगलं वाचलंस असं एकदाही म्हणाले नाहीत. चुका मात्र सगळ्या पाठ. फोन चुकीपासून सुरू होतो आणि चुकीवर संपतो. "ठेवतो." झालं.

कार्यक्रम बंद होईल हे त्यांना सांगितलेलं नाही. मग फोन कशावरून करतील?

९ जानेवारी, शुक्रवार

पाहणी-कंपनीची मुलगी आली होती. राजनंदिनी. वर्ध्याची, चटपटीत, पाठीवर लॅपटॉपची बॅग. आप्पासाहेबांनी चहा विचारला नाही. "चहा झाला असेलच" म्हणाले. ती बिचारी "हो हो" म्हणाली. नवीन आहे पुण्यात.

तिने नियम समजावला — "सर, एक घर, एकच मार्केट. नो शेअरिंग. आधी आम्ही घरी फोन करून विचारतो, तुम्ही कुठल्या शहरात राहता. हो म्हणाले की ते घर त्या मार्केटला." पुण्याला घरं कमी पडली, म्हणून बारावा नंबर. पूर्वेकडची सगळी बाजू गळालीये. हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी.

"गळणारच," आप्पासाहेब म्हणाले. "हडपसर म्हणजे पुणे नव्हे."

"पण सर, मॅपवर तर पुण्यातच आहे ना?"

"नकाशावर असेल."

मी हडपसरला राहते. गप्प बसले. पगार पुण्यात होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. आप्पासाहेबांनी ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ दिला. पुढचं वाक्य गाळलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज इतकी हसले की बिलाल घाबरला.

जेवताना सहज त्याला सांगत होते — असा असा फोन करतात, तुम्ही पुण्यात राहता का विचारतात. नवरा म्हणतो, "अगं आला होता की! दिवाळीच्या आसपास. मी म्हटलं, नाही."

"नाही?"

"नाहीच ना. आपण हडपसरला राहतो. पुण्याला जायचं म्हटलं तर तास मोडतो."

म्हणजे पुण्याच्या वाहिनीवर रोज सकाळी पुण्याचे भाव वाचणारी बाई पुण्याच्या हिशेबात नाही! कारण तिचा नवरा प्रामाणिक.

आणि तो एकटा नाही. आमच्या सोसायटीत कुणीही तुळशीबागेत निघालं की म्हणतं "पुण्याला चाललोय". महापालिका पुण्याची, पिनकोड पुण्याचा, पण पुणं म्हणजे तिकडे लांब, बस पकडून जायचं ते. मांजरीच्या गोदाबाई — कोथिंबीर लावतात, कार्यक्रमाच्या जुन्या प्रेक्षक — परवाच फोनवर म्हणाल्या, "ताई, लई दिवस झाले पुण्याला येनं नाय झालं." त्यांच्या शेतातून महापालिकेचा दिवा दिसतो.

तर विचारलं 'पुण्यात राहता का', आणि अख्ख्या पूर्वेने खरं उत्तर दिलं — नाय ब्वा.

२१ जानेवारी

राजनंदिनीला फोन करून सांगितलं. गंमत म्हणून. ती हसलीच नाही. फोनवर टकटक टाइप केल्याचा आवाज. मग — "ओ माय गॉड मॅम. आमचा क्वेश्चनच राँग आहे."

वर्ध्यात कुणी असं म्हणत नाही म्हणे. वर्ध्यात राहणारा वर्ध्यात राहतो. सुखी आहेत लोक.

आता ते कुठे राहता हे विचारणारच नाहीत. कुठली स्थानिक वाहिनी जास्त लागते ते बघणार. ज्या गावची वाहिनी, त्या गावचं घर.

आणि पूर्वेला सकाळी काय लागतं? आम्हीच! माल काढायचा की थांबायचं ते माझं ऐकून ठरवतात लोक. रात्री मुंबईच्या मालिका बघोत, पण स्थानिक म्हणाल तर 'आजचा भाव'. फार वर्षांनी छाती जरा फुगली. घरी येताना पाव किलो जिलबी घेतली. बिलालने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल.

३ फेब्रुवारी

आप्पासाहेबांना हिशेब समजला. पूर्व आली तर पुणे वर चढतं. तेव्हापासून पुणे वाढायला लागलंय. सोमवारी हडपसर पुण्यात आलं. आज दुपारी लोणी. संध्याकाळी म्हणाले, "ऐतिहासिकदृष्ट्या पाहिलं तर यवतसुद्धा पुणेच."

स्वतः दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठ सोडून हडपसरच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायला गेलेत. आम्ही सकाळी एकाच सिग्नलला असतो — मी रिक्षात, ते गाडीत. कार्डावर मात्र अजून सदाशिव पेठ. मी कधी ओळख दाखवली नाही. त्यांनीही नाही. सभ्यपणा दोन्ही बाजूंनी.

आज मला "जैनबताई" म्हणाले. पाच वर्षं 'बाई' होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दहावं! पुणे दहावं!!

पेढे आले. चितळे आडनावाच्या कुणी नव्हे, कोपऱ्यावरच्या मारवाड्याने दिले, तरी आप्पासाहेबांनी आनंदाने खाल्ले, यावरून आनंद किती ते समजावं. जाहिरात विभागात गाड्यांच्या कंपनीचा फोन येऊन गेला. गाड्यांच्या! गुडघ्याच्या तेलाला आम्ही आता ओळख देणार नाही.

माझा कार्यक्रम वाचला. रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले. उगीच. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून शिंकल्याचं नाटक केलं.

अब्बांना आता सगळं सांगितलं. बंद होणार होता, वाचला, पुणे दहावं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग — "आज कलिंगडाची आवक सांगितली नाहीस. रमजान तोंडावर आलाय. लोक काय पेढ्यावर रोजा सोडणार?"

१८ फेब्रुवारी

घात झाला.

छापील यादी आली. दहाव्या नंबरवर 'पुणे' नाहीच. लिहिलंय — 'हडपसर–पुणे'.

राजनंदिनीला बोलावलं. तिने शांतपणे सांगितलं, बाजारात ज्या भागाची घरं जास्त, त्याचं नाव आधी. पेठांत आमची वाहिनी फारशी लागतच नाही. पेठांतले लोक पुण्याबद्दल बघत नाहीत, त्यांना ते माहीत असतं. आमचा सगळा जोर पूर्वेला. म्हणून हडपसर, मग रेघ, मग पुणे.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. परत वाचलं.

"शेपटाला पुणे?"

"सर, पण टेन्थ रँक आहे..."

"मला पुण्यात तोंड दाखवायचंय." (राहतात हडपसरला.)

राजनंदिनी जाताना माझ्या कानाशी — "मॅम, यांना नक्की काय हवंय?" मी म्हटलं, राहा इथे चार-पाच वर्षं. तरी कळणार नाही, पण विचारणं बंद होईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा रोजा. मीटिंग. डोकं आधीच दुखत होतं.

आप्पासाहेबांनी हिशेब मांडला, आणि हिशेब अगदी बरोबर होता, हेच दुःख. पूर्व आपल्यात कशामुळे? 'आजचा भाव'मुळे. तो नसला की पूर्वेची घरं गळतील. गळली की नाव पुन्हा शुद्ध 'पुणे'.

"पण मग आपण परत बारावे," जाहिरातवाला म्हणाला. त्याचा आवाज रडवेला. गाड्यांचं कमिशन डोळ्यांसमोरून जात होतं.

आप्पासाहेब उभे राहिले. "बारावे राहू. पण पुणे राहू!"

टाळ्या! खरंच टाळ्या पडल्या. जाहिरातवाल्यानेसुद्धा वाजवल्या. पगारवाढ गमावल्याबद्दल टाळ्या वाजवणारी माणसं मी याच शहरात बघितली.

मी म्हटलं, साहेब, लोक माल काढतात त्या भावावर. म्हणाले, "त्यांना त्यांचं बघता येईल. तुमचंही बघितलंय मी. ईद येतेय ना? शीरखुर्मा करून दाखवा. 'खाद्ययात्रा' कार्यक्रमात एक भाग देतो."

बागवान म्हटलं की भाजी, आणि भाजी नको तर शीरखुर्मा! मला शीरखुर्मा धड येत नाही. बिलाल करतो. मला भाव वाचता येतात. तेच येतं, आणि ते मला आवडतं. हे तिथे बोलले नाही. इथे लिहितेय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा 'आजचा भाव'. निरोपाची चार वाक्यं लिहून नेली होती. कॅमेऱ्यासमोर वाचलीच नाहीत. शेपू, मेथी, कांदापात, कलिंगड, पपई, संपलं. नमस्कार.

अब्बांचा फोन आला. एकही चूक निघाली नाही. मला वाटलं आता तरी काही बोलतील. मग "ठेवतो."

३ मार्च

सकाळी फोन नाही. पहाटेच्या सहरीनंतर झोपतच नाही मी. मोबाईल हातात घेऊन बसते. मीच करावा म्हणून केला, तर "हां, बरं आहे, सहरी झाली, तू?" असं बोलले. अब्बा आणि "तू कशी आहेस"! परक्या माणसाशी बोलल्यासारखं वाटलं. बाजारभावाशिवाय आम्हाला बोलताच येत नाही.

५ मार्च, गुरुवार

हडपसरच्या हिंदुरावांचा फोन. पूर्वेकडची केबल त्यांची. त्यांचं स्वतःचं छोटं चॅनेल आहे — लग्नाच्या पत्रिका, वाढदिवस, वीज जाण्याच्या सूचना.

"ताई, त्या गोदाबाईंनी माझं डोकं खाल्लंय. पुण्याला तुमी नको आसाल तर आमाला हाय ना. आमच्याकडं वाचा. ष्टुडिओ नाय, गोडाऊन हाय, पन लाईट चांगली हाय."

पैसे निम्मे. मी हो म्हटलं, आणि मग पैसे विचारले. बिलाल म्हणाला, व्यवहार असा करतात? अब्बांची मुलगी ना तू?

९ मार्च, सोमवार

गोडाऊनमधून पहिला दिवस. मागे खुर्च्यांची चळत, तिच्यावर चादर. भाव वाचले. गोदाबाईंचा लगेच फोन — "आला ताई, आला आवाज!"

पण गुलटेकडीत ही केबल नाही. अब्बांना सांगितलं, मोबाईलवर दाखवतील हिंदुराव. त्यांचा फोन बटणांचा. भाऊ त्याचा देईल म्हटलं. "नको. त्याला त्या वेळी गाळ्यावर लागतो."

तासाभराच्या अंतरावर राहतात आणि बाजाराबाहेर! आप्पासाहेबांचं पुणे शुद्ध झालं, त्यात माझे अब्बा राहिले.

१० मार्च

पपईचा भाव मुद्दाम चुकीचा वाचला. फोन नाही. भाव तिथल्या तिथे दुरुस्त केला होता, लोकांच्या मालाचा प्रश्न. मूर्ख बाई.

१२ मार्च, गुरुवार

दारात रिक्षा. अब्बा. हातात पिशवी, पिशवीत कपडे आणि औषधं. लेकीच्या घरी आजवर एक रात्र न राहिलेला माणूस.

म्हणाले, "हॉलमध्ये एक खाट मावेल का? तिकडे तू दिसत नाहीस."