पहाटे न उठणारी पोरगी

बाई, काल मी शाळेत लिंबाखाली एक तास उभी राहिले आणि तुमची फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की उत्तराची काही घाई नाही.

तुमचा नियम होता, खोटं बोलेल त्यानं एक तास वर्गाबाहेर लिंबाखाली उभं राहायचं. मी तिथं पुष्कळ उभी राहिलेय. एकदा खिचडी खाऊन "मला मिळालीच न्हाई" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "भूक लागली तर माग. दोनदा माग. खोटं कावून बोलती?" उभं केलंतच, वर दुसरी वाटीही दिलीत. ती मी उभ्या उभ्याच खाल्ली.

मी आठवीत होते, तेव्हा वडवणीकडचे पाहुणे मला बघायला आले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि अंधार असतानाच उठून फडात उतरावं लागतं. त्यामुळे रंगरूप कोण बघतो! पोहे खाऊन मंडळी चौकशीसाठी सरळ शाळेत तुमच्याकडे. मागोमाग मी वर्गात परत आले, तर तुम्ही मलाच पाण्याला पिटाळलंत. मी तांब्या घेऊन दाराआड थांबले. मुलाचा बाप विचारतोय, "बाई, पोरगी कशी हाय?"

"लई गुणाची," तुम्ही म्हणता. "फकस्त पहाटं उठत न्हाई. शाळंत रोज उशिरा येती, अन् आली की झोपती. पाणी वतलं तरी जागी व्हत न्हाई."

पाहुणे पाणीही न पिता निघाले. कोंबड्याच्या आधी उठून दोन हंडे पाणी भरणारी मी, दाराआड पदरासारखी ओढणी तोंडात कोंबून हसत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तुम्ही आम्हाला पाढे लिहायला दिलेत आणि स्वतः लिंबाखाली जाऊन उभ्या राहिलात. पूर्ण तास. घंटा झाल्यावर मी जवळ आले, तर तुम्ही हळूच म्हणालात, "तुझं भलं झालं म्हणून खोट्याचं खरं व्हत न्हाई. ते पाहुणे पुन्हा आले तर मी पुन्हा हेच सांगीन, अन् पुन्हा इथं उभी ऱ्हाईन."

त्याच खोट्यामुळे मी शिकले, आणि आज चकलांब्याच्या बाजूला मास्तरीण आहे. ज्याचा शेवट गोड ते सारं गोड, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण आई होती ना. मला पहाटे उठायला तिनंच शिकवलेलं, आणि गावभर झालं की हिची लेक झोपाळू. हापशावर बाया विचारायच्या, "उठली का गं लेक?" आई घरी येऊन रडायची. अजूनही कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी सांगते, "माझी लेक कोंबड्याआधी उठती बरं का." आणि पाहुण्यांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून "कुण्या मेल्यानं सांगितलं असंल" म्हणत नकळत तुम्हालाच शिव्या घालायची. खरं काय ते मी तिला सांगत नव्हते. बाई, याची मला फार लाज वाटायची.

परवा रविवारी गावी गेले आणि शेवटी सांगून टाकलं. आई शेंगा फोडत होती. हात थांबला. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं.

"बाईनं?" ती म्हणाली. "आगं, मला तरी कुठं द्यायची व्हती तुला! तुझ्या बापाम्होरं बोलायची सोय नव्हती." पुन्हा दोन शेंगा फोडल्या. मग एकदम तडकून, "पर मला इचारायचं तरी! म्या चांगलं कारण दिलं असतं. पाय दुखतो म्हणायचं, फिट येती म्हणायचं. झोपाळू कावून म्हणाली ती?"

मी हसता हसता रडले. तीही.

इतकी वर्षं आईपासून लपवलं, म्हणून काल माझा तास भरायला आमच्या शाळेतल्या लिंबाखाली गेले. हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता कुणाकडे आहे! पण एक कबूल करते. उभी असताना पोरींनी खिडकीतून विचारलं, "मॅडम, बाहेर काय करताय?" मी म्हणाले, "मोबाईलला रेंज बघतेय."

म्हणजे उद्या पुन्हा उभं राहणं आलं.