दिवा लुकलुकत होता

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. खोकला कसा आहे? काढा घेतोस की नुसता उकळून ठेवतोस?

शाळेतला तो आवाज आठवतो? गुरुजी पहिला शब्द देत आणि अख्खा वर्ग चार ओळी एका दमात म्हणून टाकी. मग श्वास, मग पुढचं कडवं. (तू नुसते ओठ हलवायचास.) संगणकही तसाच आहे म्हणे. अक्षरागणिक विचारत बसत नाही. एकदा जागा सांगितली की मजकुराचा लोंढा सलग ओततो, थांबतो, पुन्हा ओततो. जोडलेली पेन ड्राइव्ह तो आधी पुढच्या छोट्या जागेत भराभर घेते आणि मग सवडीनं आत नेऊन लिहिते. हे शहाणपण मला दुरुस्तीवाल्याकडून मिळालं, पण उशिरा.

झालं असं. भाऊजी गेल्यापासून त्यांचं ते अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग ताई रोज दुपारी ऐकते, तुला ठाऊकच आहे. कविता म्हणता म्हणता शेवटी ते तिच्यावर खेकसतात, "माझा चष्मा कुठे ठेवलास?" तिला कवितेपेक्षा ते खेकसणंच प्रिय. तिचा जुना संगणक मोडीत निघायचा होता, म्हणून ते ड्राइव्हवर घ्यायचं काम मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. पडद्यावरची पट्टी क्षणात भरली. ड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकत होता. मला त्यात वृत्त सापडलं. मी त्या तालावर पाठ असलेली एक कविता म्हणत संगणकावरचं मूळ कायमचं पुसलं आणि तिसऱ्या कडव्याला ड्राइव्ह उपटली.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, पट्टी भरली म्हणजे देणाऱ्यानं दिलं. घेणाऱ्यानं घेतलं का, ते दिव्याला विचारायचं." जन्मभर मुलांना सांगितलं की समोरच्याचं लिहून होईपर्यंत फळा पुसू नये, आणि मीच पुसला. अकरा मिनिटं वाचली आहेत. खेकसणं गेलं. तीन दिवस मी ताईचा फोन उचललेला नाही.

तुझा,
दादा

ता. क. तुझा आवाज थेट भाऊजींसारखा आहे, असं सगळे म्हणतात. तेवढं एक वाक्य खेकसून पाठव. थोडं खोकलास तरी चालेल, तेही खोकत.

ता. क. दोन. वरचं काही पाठवू नकोस. दार वाजलं म्हणून उघडलं, तर ताई. दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढून आली आहे. धापा टाकत म्हणते, "फोन उचलत नाहीस, म्हटलं पडलास की काय." पाणी दिलं. कुणाला लिहितोयस, म्हणून विचारते आहे. पत्र तिच्याच हातात देतो.